रिफ्लक्सचं दुर्बिणीतून ऑपरेशन (फंडोप्लिकेशन) आणि त्याचे परिणाम

जठरातलं ॲसिड वर अन्ननलिकेत येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात, त्याला फंडोप्लिकेशन म्हणतात. हायटस हर्निया (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या भोकातून जठर वर सरकणं) असेल तर पडद्यातलं मोठं झालेलं भोकही त्याच वेळी लहान करतात. रुडॉल्फ निसेनने ही पद्धत १९५६ मध्ये मांडली तेव्हा पोट उघडावं लागायचं, १९९१ पासून ती लॅप्रोस्कोपीने, म्हणजे छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने, व्हायला लागली आणि आता बहुतेक पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातात. पूर्ण गुंडाळलं तर निसेन, मागून साधारण पाऊण गुंडाळलं तर तूपे.

गुण येतो का? बहुतेकांना येतो, पण ‘आता ॲसिडची गोळी कायमची सुटली’ असं कुणी खात्रीने सांगत असेल तर ते खरं नाही. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत (२०११) पाच वर्षांनी ऑपरेशनवाले ८५ टक्के आणि रोज गोळी घेणारे ९२ टक्के ठीक होते, म्हणजे ज्यांना गोळीने बरं वाटतंय त्यांना घाई करायचं कारण नाही. स्वीडनमध्ये २,६५५ जणांचा माग काढला (२०१७) तर १७.७ टक्के लोकांचा त्रास परतला, त्यातल्या बहुतेकांना परत गोळ्या लागल्या, थोड्यांना दुसरं ऑपरेशन. पण गोळी परत सुरू झाली म्हणजे ऑपरेशन फसलंच असं नाही, पुष्कळांची पीएच टेस्ट (अन्ननलिकेत किती ॲसिड येतं ते मोजणारी) तेव्हाही नॉर्मल येते आणि जळजळीचं कारण दुसरंच निघतं.

खरा फरक पडतो तो पेशंट निवडण्यात. अमेरिकेतल्या २०१९ च्या अभ्यासात गोळीने बरं न वाटणारे ३६६ जण घेतले, काहींची जळजळ गोळी नीट, जेवणाआधी घेतल्यावरच गेली, ९९ जणांची तर ॲसिडमुळे नव्हतीच, असं करत ऑपरेशनच्या तुलनेसाठी उरले फक्त ७८. त्यांच्यात मात्र ऑपरेशनने ६७ टक्के लोकांना चांगला फरक पडला, औषधं वाढवून २८ टक्क्यांना. म्हणून गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा की मडगाव-म्हापशात खाजगीत, एंडोस्कोपीसोबत २४ तासांची पीएच टेस्ट आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेची हालचाल आणि दाब मोजणारी तपासणी) झालीय का हे विचाराच, विचारायला लाजू नका.

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे गिळताना अडकतं, हे पुष्कळांना होतं आणि सूज उतरली की बहुतेकांचं जातं. आपल्याकडे आजाऱ्याला पेज देतातच, ती इथे अगदी योग्य, पण पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, उंडो (गोल जाड पाव), पोळी, सुकं मटण हे सुरुवातीला बंद कारण पावाचा गोळा होऊन तो नेमका गुंडाळलेल्या जागीच अडकतो. लिंबू सोडा, बियरही नको. ढेकर नीट येत नाही, उलटी करता येत नाही, पोट फुगतं, गॅस खालून जास्त जातो. हे काहींना कायमचं राहतं आणि तूपेमध्ये हा त्रास निसेनपेक्षा कमी दिसतो. मृत्यूचा धोका फार कमी आहे. पाणीसुद्धा उतरेना, ताप आला किंवा छातीत जोरात दुखलं तर मात्र वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं.