'वाहक' म्हणजे कंडक्टर? आरोग्यपत्रकं आधी लोकांत वाचून पाहण्यामागची गोष्ट

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्याच्या पत्रकात एक शब्द हमखास असतो, 'वाहक'. सदोष जनुक आई किंवा बाप अशा एकाकडूनच आलेला, स्वतः सहसा आजारी न पडणारा माणूस, असा त्याचा अर्थ. पण गावकऱ्यानं हा शब्द वाचलेला असतो तो एसटीत, आणि तिथं वाहक म्हणजे कंडक्टर. पत्रक लिहिणाऱ्याला हे टेबलाशी बसून सुचत नाही. सहा ते दहा जणांना एकत्र बसवून कच्चा मजकूर दाखवला की लगेच कळतं. अशा बैठकीला फोकस ग्रुप म्हणतात, कागदोपत्री 'गटचर्चा'.

तिचा जन्म मात्र दवाखान्यात झाला नाही, रेडिओच्या स्टुडिओत झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यूयॉर्कला समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांनी सहकारी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांना सपत्नीक जेवायला बोलावलं आणि ऐन वेळी स्टुडिओत नेलं. (दोघांच्या बायका संध्याकाळभर घरीच राहिल्या.) युद्धकाळात लोकांचं मनोधैर्य वाढवणारा कार्यक्रम श्रोते ऐकत होते. आवडलं तर हिरवं बटण दाबायचं, खटकलं तर लाल. नंतर एक जण त्यांना कारणं विचारत होता, पण उत्तर त्यांच्या तोंडात घालूनच. मर्टन चिठ्ठ्या पाठवून चुका दाखवू लागले, तेव्हा पुढच्या गटाला प्रश्न विचारायला मर्टन यांनाच बसवलं गेलं. किती जणांनी लाल दाबलं हे यंत्र सांगत होतं. का दाबलं, ते माणसाला विचारावं लागत होतं. १९४६ मध्ये मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी ही रीत लेखात मांडली.

पुढची काही दशकं तिचा खरा उपयोग केला माल विकणाऱ्यांनी. आरोग्याकडे ती वळली ती कुटुंब नियोजन आणि सामाजिक विपणनाच्या (लोकहिताच्या गोष्टी बाजारातल्या मालासारख्या लोकांपर्यंत पोचवण्याच्या) वाटेनं, मुख्यतः १९८० नंतर. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९८९ च्या मार्गदर्शिकेत मजकूर आधी तपासून घ्या असं सांगितलं. आपल्याकडे बाजार आणि आरोग्याची गाठ त्याआधीच पडली होती. १९६८ मध्ये १५ पैशांना तीन या दरानं 'निरोध' हे कंडोम विकायला चहा-साबणाच्या कंपन्यांचं वितरणजाळं वापरलं गेलं.

विदर्भात लोकांचं ऐकून काम बदलण्याचं ठळक उदाहरण गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था तिथं १९८६ पासून आहे. दवाखान्याची भीती का वाटते, असं आदिवासींना विचारल्यावर कळलं की डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे त्यांना प्रेताच्या कपड्याची आठवण देतात आणि नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. मग 'सर्च'च्या शोधग्राम या आवारातला दवाखाना गोंडी गावासारखा झोपड्यांचा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. याला कुणी फोकस ग्रुप म्हणणार नाही, पण विचारण्याची जात तीच.

मग चावडी होतीच की, असं कुणी म्हणेल. चावडीवर पाटील बोलतो, घरात सासू. म्हणून गटात सासवा वेगळ्या, सुना वेगळ्या बसवतात. सुनेसमोर सासू असली की सून मान डोलावते. वेळही पाहावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बायका शेतातच असतात. आणि "समजलं काय?" हा प्रश्न तर बादच. त्याला "हो जी" हेच उत्तर मिळतं, पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणून. त्याऐवजी "हे शेजारणीले काय सांगसान?" असं विचारलं की 'अतिसार'ची 'हगवण' होते, बाळाच्या न्यूमोनियाचा 'डबा' होतो आणि कोणता शब्द छापायचा ते ठरतं.

मर्टन यांनीच १९८७ मध्ये कुरकुर केली होती की गटातून निघतो तो नुसता अंदाज असतो, लोक त्यालाच निष्कर्ष मानतात. आपल्याकडची माझी तक्रार वेगळी आहे: बैठक पुष्कळदा छपाईनंतर होते. वर्ध्यात तपासलेलं पत्रक भामरागडला तसंच जातं, जिथं घरात माडिया बोलतात, आणि धारणीला, जिथं कोरकू. तिथं ही बैठक पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते, आणि तीही दुभाष्याला मधे न बसवता, ती भाषा येणाऱ्या बाईनं.