फरीपासून टार्गेटपर्यंत

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती ठरली होती आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने पिस्तुलात सुवर्ण मिळवलं होतं. तालमींच्या कोल्हापुरात नेमबाजीही आता घरची झाली आहे. खेळाचं नाव नेमबाजी, पण समोर लावलेल्या कागदाला मात्र सगळे ‘टार्गेट’च म्हणतात. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. दहा मीटर एअर रायफलला तर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका!

‘टार्गेट’ या शब्दाचं मूळ वार झेलणाऱ्या वस्तूत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘तार्ज’ म्हणजे ढाल. तिचं लघुरूप इंग्रजीत ‘टार्गेट’ झालं, अर्थ छोटी गोल ढाल. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात फरीगदका आजही खेळतात. त्यातली डाव्या हातातली फरी, म्हणजे छोटी ढाल, डोळ्यांसमोर आणली की हा अर्थ लगेच उमगतो. पुढे अठराव्या शतकात सरावासाठी उभारलेल्या गोल निशाण्याला इंग्रजीत हेच नाव मिळालं.

आपले शब्द वेगळ्या वाटेने आले. ‘लक्ष्य’ संस्कृतमधलं, पाहणं-हेरणं या अर्थाच्या धातूपासूनचं. आपण ‘लक्ष दे’ म्हणतो तेही त्याच घरातलं. ‘निशाण’ फारसीतून आलं, मूळ अर्थ खूण. ‘नेम’ मात्र ‘नियम’चं रूप, आणि मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो. वारीचा नेम, नेमून दिलेलं काम, नेमकं उत्तर, पावसाचा नसलेला नेम, सगळं त्याच मुळाचं. बंदुकीचा नेमही शिस्तीशिवाय लागत नाहीच.

टार्गेट गावोगावी पोचलं ते मुख्यतः सरकारी कामामुळे. पंचवार्षिक योजनांच्या मराठी कागदांवर ‘उद्दिष्ट’ असायचं, बोलताना मात्र टार्गेट. कुटुंबनियोजनात, विशेषतः आणीबाणीत, या शब्दाची लोकांनी धास्ती घेतली. कर्मचाऱ्याला आकडा गाठायचा होता आणि तो आकडा म्हणजे जिवंत माणसं होती. केंद्राने ती पद्धत १९९६ मध्ये सोडली. शब्द राहिला. मार्चअखेर जवळ आली की पतसंस्थेतला वसुलीवाला आजही म्हणतो, “टार्गेट अजून लांब आहे, साहेब.”