फौजदारीतून सुटका म्हणजे सगळ्यातून सुटका?

‘कोर्टाने निर्दोष सोडलं, आता नुकसानभरपाई कसली मागता?’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

फौजदारी खटला सरकार चालवतं. प्रश्न शिक्षेचा असतो, त्यामुळे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दावा मात्र नुकसान झालेली व्यक्ती स्वतः लावते. तिथे तुरुंग नाही, पैसे किंवा हक्क मिळवायचे असतात. इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेत अशा दाव्यात एक बाजू दुसरीपेक्षा जास्त संभाव्य वाटली तरी पुरतं.

अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचं प्रकरण पाहा. 1995 मध्ये ज्युरीने (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) त्याला दोन खुनांच्या आरोपांतून मुक्त केलं. 1997 मध्ये त्याच मृत्यूंसाठी दिवाणी ज्युरीने त्याला जबाबदार धरलं आणि सुमारे 3 कोटी 35 लाख डॉलर द्यावेत असा निकाल दिला. अनेकांना हा विरोधाभास वाटला, तो नव्हता. पुराव्याची पट्टीच वेगळी होती. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हे संरक्षण दिवाणी दाव्याला लागू होत नाही.

आणि हो, परवाना रद्द करणं वगैरे प्रशासकीय कारवाई हा तिसराच मार्ग. तोही या दोन्हींसोबत चालू शकतो.