तान्ह्याच्या रक्ताची तागडी

काचपेटीत दीड किलोचं बाळ आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेलं. औषधं आणि पोषण देण्यासाठी त्याच्या मांडीच्या शिरेत बारीक नळी घातलेली. चौथ्या-पाचव्या दिवशी सिस्टरच्या लक्षात येतं, की एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलाय आणि रंगही निळसर झालाय. सोनोग्राफीत दिसतं, नळीभोवती रक्ताची गुठळी धरली आहे. डॉक्टर इनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध लिहून देतात: किलोला दीड मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, कातडीखाली.

आता हिशेब करू. दीड किलोला सव्वादोन मिलिग्रॅम. औषध मिळतं ते मोठ्या माणसांसाठी भरून आलेल्या सिरिंजमध्ये, ०.४ मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम. सव्वादोन मिलिग्रॅम म्हणजे ०.०२२५ मिलिलिटर, एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी. साध्या सिरिंजवर हे मोजताच येत नाही. मग कुठे औषध पातळ करून घेतात, कुठे इन्सुलिनची सिरिंज वापरतात. शंभर युनिटच्या सिरिंजवर एक रेघ म्हणजे बरोबर एक मिलिग्रॅम पडतं, म्हणून ती सोयीची. पण आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन जातींच्या मिळतात, केशरी टोपीची शंभर युनिटची आणि लाल टोपीची चाळीस युनिटची. लाल टोपीवाल्या सिरिंजवर तीच एक रेघ अडीच मिलिग्रॅमची होते. टोपीचा रंग पाहायचा राहिला तर बाळाला अडीचपट डोस जाईल. म्हणून चांगल्या नवजात विभागात हे औषध भरताना दोघीजणी सिरिंज उजेडात धरून रेघ मोजतात, मगच सुई टोचतात.

या हिशेबात आणखी एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. मोठ्या मुलांना हेच औषध किलोला एक मिलिग्रॅम पुरतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र दीड लागतं. इतक्या नाजूक जिवाला वजनाच्या मानाने जास्त औषध का? याचं उत्तर शोधायला वैद्यकाला १९८०चं दशक उजाडावं लागलं.

त्यासाठी आधी रक्त गोठतं कसं ते पाहू. गुडघा खरचटला, की प्लेटलेट्स जखमेपाशी धावतात आणि एकमेकींना चिकटून बूच मारतात. त्याच वेळी रक्तातली प्रथिनं एकामागून एक जागी होतात. एकाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे बनवतं आणि त्या जाळीत बूच पक्कं बसतं. हे इथेच थांबलं नाही तर सगळं रक्त गोठून जाईल. म्हणून आवर घालणारी प्रथिनंही रक्तात सतत फिरत असतात: अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस. एका पारड्यात गोठवणारे, दुसऱ्या पारड्यात आवरणारे, अशी ही तागडी आहे. गोठवणारं पारडं हलकं झालं तर रक्तस्राव, आवरणारं हलकं झालं तर गुठळी.

मोठ्या माणसांची ही तागडी विसाव्या शतकात बारकाईने मोजली गेली. मुलांची मात्र कुणी नीट मोजली नव्हती. कारण अनास्था नव्हे, अडचण होती. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिलिलिटर. एक किलोच्या बाळात ऐंशी-नव्वद, म्हणजे एका कटिंग चहाइतकं. त्यातून तपासण्यांसाठी काढायचं तरी किती? दुसरी अडचण नळीची. गोठण्याच्या तपासणीसाठी रक्त घेतात त्या नळीत रक्त पातळ ठेवणारं सायट्रेट आधीच मोजून घातलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. नवजात बाळाच्या रक्तात तांबड्या पेशींची गर्दी जास्त आणि पाण्याचा भाग कमी. त्यामुळे नेहमीचं सायट्रेट त्याला जास्त होतं आणि रक्त गोठायला आहे त्याहून अधिक वेळ लागतो असा अहवाल येतो. बाळ ठीक आणि कागद चुकीचा, अशी गत.

कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात मॉरीन अँड्र्यू नावाच्या बालरक्तविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी थोड्या रक्तावर चालतील अशा सूक्ष्म तपासण्या वापरून हे काम अंगावर घेतलं. दिवस भरून जन्मलेली ११८ निरोगी बाळं त्यांनी पहिल्या दिवसापासून सहा महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. पहिला दिवस, पाचवा, तिसावा, नव्वदावा, एकशे ऐंशीवा. हा अभ्यास १९८७ साली छापून आला. पुढच्याच वर्षी त्यांनी ३० ते ३६ आठवड्यांत जन्मलेल्या १३७ बाळांचा असाच अभ्यास मांडला. ज्यांच्या बाळाला काहीही झालेलं नाही अशा शेकडो आईवडिलांनी, केवळ पुढच्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून, आपल्या तान्ह्याच्या हातात सुई टोचू दिली. आज जगभरच्या बालरुग्णालयांत 'या वयाला एवढं प्रमाण नॉर्मल' असं म्हणतात, त्याच्या मुळाशी ही बाळं आहेत.

आकडे आले ते चक्रावणारे होते. जीवनसत्त्व के लागणारे गोठवणारे घटक नवजात बाळात मोठ्या माणसाच्या जवळपास निम्मेच. हा आकडा मोठ्या माणसाच्या अहवालात दिसला तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील. पण निरोगी बाळांना रक्तस्राव होत नव्हता, कारण दुसऱ्या पारड्यातलं अँटिथ्रॉम्बिनही निम्म्याच्या आसपास आणि प्रोटीन सी त्याहूनही कमी. दोन्ही पारडी हलकी, पण काटा मधोमध. उलट फायब्रिनोजेन पहिल्या दिवसापासून मोठ्यांइतकं भरलेलं. आणि अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन नावाचं, थ्रॉम्बिनला पकडून ठेवणारं प्रथिन मुलांत मोठ्यांपेक्षा बरंच जास्त. अँटिथ्रॉम्बिन कमी असताना हा गडी त्याची बाजू सांभाळतो. सहा महिन्यांत बहुतेक घटक मोठ्यांच्या पातळीजवळ पोचतात. प्रोटीन सीला मात्र पुढे कित्येक वर्षं लागतात.

मला या अभ्यासाचं मोल वाटतं ते इथे. तोवर बाळाचं रक्त 'अपुरं' समजलं जायचं. आकडेवारीने दाखवलं, की ते अपुरं नाही, त्याची मांडणीच वेगळी आहे आणि तीही वयाबरोबर बदलत जाते.

मगाचं कोडंही इथे सुटतं. हेपॅरिन आणि त्याच्याच कुळातलं इनॉक्सापॅरिन स्वतः काही थांबवत नाहीत. ते अँटिथ्रॉम्बिनला धरतात आणि त्याचा वेग वाढवतात. अँटिथ्रॉम्बिन कमी, तर औषधाला धरायला हातच कमी. शिवाय बाळाचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं. म्हणून शिरेतून दिलं जाणारं साधं हेपॅरिन वर्षाच्या आतल्या बाळाला तासाला किलोमागे साधारण २८ युनिट लागतं, मोठ्या मुलांना २०.

काटा मधोमध असला, तरी हलक्या पारड्यांची तागडी जरा धक्क्याने कलते. मुलांत तो धक्का बहुधा बाहेरून येतो. कॅनडाच्या १५ मोठ्या रुग्णालयांतल्या मुलांच्या गुठळ्यांची पहिली नोंदवही १९९४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दहा हजार भरती मुलांमागे ५.३ जणांना गुठळी झाल्याचं दिसलं. एकूण मुलांत हे प्रमाण दहा लाखांमागे सातच्या आसपास. दुर्मीळच म्हणायचं. पण अमेरिकेतल्या बालरुग्णालयांत २००१ ते २००७ या काळात हे प्रमाण दहा हजार भरतींमागे ३४ वरून ५८ वर गेलं. यामागे बालवैद्यकाचं यश आहे. पूर्वी जी मुलं वाचत नसत ती आता वाचतात: आठशे ग्रॅमची बाळं, हृदयाची गुंतागुंतीची ऑपरेशनं झालेली मुलं, रक्ताच्या कर्करोगातून बरी होणारी मुलं. या सगळ्यांना शिरेतल्या नळीचा आधार लागतो आणि मुलांमधल्या गुठळ्यांचं सगळ्यात मोठं कारण तीच नळी आहे. बारीक शिरेत नळी म्हणजे ओढ्यात आडवं पडलेलं लाकूड. पाणी तुंबतं आणि गाळ धरतो. नळी काढावी तर उपचार थांबतात, ठेवावी तर गुठळी वाढते. हा निर्णय डॉक्टरांना रोज नव्याने घ्यावा लागतो.

नळीशिवायही गुठळी होते. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे मुलाचे डोळे आणि पाय सुजून लघवीला फेस येतो त्या आजारात, लघवीवाटे प्रथिनं वाहून जातात आणि त्यांच्याबरोबर अँटिथ्रॉम्बिनही जातं. रक्ताच्या कर्करोगावरचं अ‍ॅस्परॅजिनेज हे औषधही अँटिथ्रॉम्बिन खाली आणतं. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या लहान मुलाच्या, त्यातही आधीच लोह कमी असलेल्या मुलाच्या, मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होऊ शकते. अशा मुलाचं डोकं सतत दुखतं, उलट्या थांबत नाहीत, झटका येतो, ते सुस्त पडतं. एका पायाची किंवा हाताची अचानक सूज, रंगातला फरक, दम लागणं हीदेखील लक्षणं आहेत. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावं.

अँड्र्यूबाईंनी डॉक्टरांसाठी एक टोल-फ्री फोनसेवाही चालू केली होती. तिच्या नंबरातच 'नो क्लॉट्स' अशी अक्षरं होती. छोट्या गावातल्या डॉक्टरपुढे अचानक गुठळी झालेलं मूल आलं तर त्याने फोन उचलायचा आणि जाणकाराशी बोलायचं. २००१ साली त्या गेल्या. त्यांनी घडवलेले डॉक्टर आज या विषयात काम करत आहेत.

पुढचा प्रश्न होता घरी द्यायच्या औषधाचा. कित्येक दशकं त्यासाठी वॉरफेरिन आणि त्याचीच भावंडं होती. आपल्याकडे, संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप बदललेल्या मुलांच्या घरी 'अ‍ॅसिट्रॉम' हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, ते याच कुळातलं. ही औषधं जीवनसत्त्व के च्या वाटेत आडवी येतात आणि मुलांच्या बाबतीत अडचणींची मालिका तिथूनच सुरू होते. आईच्या दुधात जीवनसत्त्व के फार थोडं, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला थोडंसं औषधही जास्त होतं. डब्याच्या दुधात ते मुद्दाम घातलेलं असतं, म्हणून ते पिणाऱ्या बाळाला जास्त डोस लागतो. किशोरवयीन मुलाला वॉरफेरिन किलोमागे ०.०९ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं, वर्षाच्या आतल्या बाळाला ०.३३ च्या आसपास. मूल चार दिवस जेवलं नाही, प्रतिजैविक सुरू झालं, पालक-मेथी-शेपूचं प्रमाण बदललं, की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, हलला. आयएनआर हलला की पुन्हा सुई. आणि गोळी तर मोठ्यांचीच. ओट्यावर बशीत ठेवून आई ती ब्लेडने अर्धी करते, अर्ध्याची पाव. पावाचा एक तुकडा मोठा होतो, एक लहान, थोडी भुकटी बशीलाच राहते. आज मुलाला नक्की किती औषध गेलं, हे त्या आईला कळणार कसं?

म्हणून २०२० साली प्रसिद्ध झालेला आइन्स्टाइन ज्युनियर हा अभ्यास महत्त्वाचा ठरला. २८ देशांतल्या ५०० मुलांना गुठळीवर सुरुवातीची इंजेक्शनं झाल्यावर दोन गटांत विभागलं. ३३५ मुलांना रिव्हरॉक्सबॅन हे तोंडाने घ्यायचं औषध, १६५ जणांना नेहमीचे उपचार. पुन्हा गुठळी झाली ती पहिल्या गटात चौघांना, दुसऱ्या गटात पाच जणांना. गंभीर रक्तस्राव रिव्हरॉक्सबॅनच्या गटात एकालाही झाला नाही, नेहमीच्या उपचारांच्या गटात दोघांना झाला. लहान मुलांसाठी हे औषध पाण्यात कालवून पाजता येईल अशा रूपात तयार केलं होतं. डोस ठरवताना पुन्हा तीच गोष्ट समोर आली, की लहान शरीर औषध भराभर संपवतं. बारा किलोच्या आतल्या मुलाला दिवसातून तीनदा, बारा ते तीसपर्यंत दोनदा, तीस किलोच्या वर एकदा.

अमेरिकेच्या औषध नियामकांनी जून २०२१ मध्ये डॅबिगॅट्रान या तशाच औषधाला आणि डिसेंबरात रिव्हरॉक्सबॅनला मुलांसाठी मंजुरी दिली. २०२५ मध्ये अपिक्सबॅनला अगदी जन्मापासूनच्या बाळांसाठी मंजुरी मिळाली. या औषधांना पालकाची भाजी चालते, आयएनआरसाठी सुई लागत नाही. पण ती सगळ्यांना चालत नाहीत. धातूची कृत्रिम झडप असलेल्या मुलाला वॉरफेरिनच्याच कुळातलं औषध लागतं. शेजारच्या मुलाचं औषध बदललं म्हणून आपलंही बदलून घेऊ, असं कुणी परस्पर करू नये. जिवावर बेतू शकतं.

औषध कोणतं आणि किती, हे असं मार्गी लागत गेलं. पण किती दिवस? मोठ्यांना तीन महिने देतात म्हणून मुलांनाही तीन महिने, असंच चाललं होतं. मोठ्यांच्या गुठळीमागे बहुधा वय, वजन, जुने आजार असतात. मुलांत कारण पुष्कळदा एक नळी असते. नळी काढली, कारण गेलं. मग इतके दिवस कशाला? किड्स-डॉट या अभ्यासाने हा प्रश्न २००८ साली हाती घेतला. रुग्ण मुळात कमी, त्यामुळे २१ वर्षांखालचे ४१७ जण गोळा करता करता दशक उलटलं. निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये आले. तात्पुरत्या कारणाने झालेली पहिलीच गुठळी, सहा आठवड्यांनी तपासल्यावर शीर पूर्ण बंद नाही, कर्करोगासारखा मोठा आजार नाही, अशा मुलांत सहा आठवड्यांचे उपचार तीन महिन्यांपेक्षा कमी ठरले नाहीत. दोन्ही गटांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं.

इंजेक्शनवर असलेल्या मुलाच्या बाजूने हा निकाल मोजून पाहा. दिवसाला दोन, याप्रमाणे तीन महिन्यांच्या १८० सुया. सहा आठवड्यांच्या ८४.