थंडीमुळे माणूस आजारी पडतो का?

थंडी लागली की सर्दी होते असं आपण सगळेच म्हणतो, पण सर्दी व्हायरसने होते आणि व्हायरस नाकात गेलाच नसेल तर कितीही कुडकुडलात तरी सर्दी व्हायची नाही. गार हवेत बाहेर पडल्या पडल्या नाक गळायला लागतं ती पण सर्दी नाही, आत घेतलेली हवा गरम आणि ओलसर करायला नाक जास्त पाणी सोडतं एवढंच, आत आलात की थांबतं.

म्हणून बरेच डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आले की थंडीचा काही संबंधच नाही. हे मात्र जरा जास्तच ठाम झालं. १९६८ च्या एका अमेरिकन प्रयोगात नाकात रायनोव्हायरस (सर्दीचा सगळ्यात नेहमीचा व्हायरस) सोडून लोकांना गारठ्यात ठेवलं तर फरक दिसला नव्हता हे खरं, पण २००५ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात ९० जणांना २० मिनिटं थंडगार पाण्यात पाय बुडवून बसवलं आणि दुसऱ्या ९० जणांना रिकाम्या टबात पाय ठेवायला सांगितलं, तर पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटात १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्यात ५ जणांनी. व्हायरसची टेस्ट कुणाचीच केली नव्हती, ही त्या प्रयोगातली मोठी उणीव. तिथल्या संशोधकांचं म्हणणं असं की पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथला बचाव ढिला पडतो आणि आधीच दबा धरून बसलेला व्हायरस डोकं वर काढतो.

याला नंतर बऱ्यापैकी आधार मिळाला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात उंदरांच्या श्वासनलिकेच्या पेशींवर काम झालं त्यात दिसलं की ३७ अंश सेल्सिअसपेक्षा ३३ अंशांना, म्हणजे साधारण नाकाच्या आतल्या तापमानाला, पेशींची प्रतिकाराची यंत्रणा मंद चालते आणि रायनोव्हायरस जोरात वाढतो. फ्लूचं गणित थोडं वेगळं आहे, २००७ च्या गिनीपिगवरच्या प्रयोगात तो थंड आणि कोरड्या हवेत सगळ्यात सहज पसरला. त्यात थंडीत लोक दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या जवळ बसतात, मग एकाचं दुसऱ्याला व्हायला कितीसा वेळ लागणार.

सर्दीच्या या वादात खरा धोका बाजूला राहतो असं मला वाटतं. थंडीत रक्तवाहिन्या आकसून बीपी वाढतं, रक्त थोडं घट्ट होतं आणि हार्ट अटॅक, स्ट्रोकचं प्रमाण वाढतं, दमा असलेल्यांची छाती भरून येते, आणि या सगळ्याला व्हायरस लागतच नाही. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं तर तो हायपोथर्मिया. म्हाताऱ्या माणसांना तो घरात बसल्या बसल्या पण होऊ शकतो कारण त्यांना थंडी कमी जाणवते. तापमान अजून उतरून ३२ च्या आसपास गेलं की कुडकुडणं बंद होतं, बघणाऱ्याला वाटतं आता बरं आहे, पण तेव्हाच ताबडतोब हॉस्पिटल गाठायला लागतं.