बेदाणा, सर्टुइन आणि हृदयाची धमनी

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडवर जाळ्या द्राक्षांनी भरलेल्या असतात. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढलेला माल दोनेक आठवड्यांत सुकतो. याच द्राक्षाच्या सालीत रेझव्हेरॅट्रॉल असतं. बुरशी आली की वेल ते स्वतःच्या बचावासाठी बनवते. ते सर्टुइन प्रथिनांना चालना देतं आणि हृदय सांभाळतं, असं सांगून त्याच्या गोळ्या विकल्या जातात. यातलं सर्टुइनचं महत्त्व खरं आहे, गोळीचा दावा मात्र कच्चा आहे.

माणसात सात सर्टुइन आहेत. इतर प्रथिनांना चिकटलेले अ‍ॅसिटिलसारखे गट काढून त्यांचं काम बदलणं हा त्यांचा मुख्य उद्योग. त्यात एनएडी नावाचा रेणू खर्ची पडतो आणि वयाबरोबर तो कमी होत जातो.

धमनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. सात सर्टुइनपैकी सर्ट-१ तिथल्या एका एन्झाइमवरचे अ‍ॅसिटिल गट काढतं, मग नायट्रिक ऑक्साइड नीट तयार होतो आणि धमनी सैल राहते. याच अस्तराखाली एलडीएल कोलेस्टेरॉल शिरून खराब झालं, की पांढऱ्या पेशी ते गिळतात, चरबीने फुगतात आणि तिथेच अडकतात. त्यांचाच पुढे थर होतो. तो फुटला की वर रक्ताची गुठळी धरते, आणि हृदयविकाराचा झटका येतो तो बहुतेकदा असा. सर्ट-१ या पेशींमधला दाह आवरतं, साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर काढायला मदत करतं. उंदरांमध्ये सर्ट-१ किंवा सर्ट-६ कमी केलं तर थर जास्त वाढतात.

मग रेझव्हेरॅट्रॉल का चाललं नाही? २००३ मध्ये प्रयोगशाळेत त्याने सर्ट-१ ला जोर दिल्याचं दिसलं. २००५ मध्ये कळलं, की तो परिणाम प्रयोगात वापरलेल्या चमकणाऱ्या रंगद्रव्यावर अवलंबून होता. तरी २००८ मध्ये ग्लॅक्सो या औषध कंपनीने सर्टुइनवर औषधं शोधणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरला घेतली. २०१३ मध्ये तिचं केंद्र बंद झालं. इटलीतल्या ७८३ वृद्धांच्या अभ्यासातही, २०१४ मध्ये, आहारातल्या रेझव्हेरॅट्रॉलचा हृदयविकाराशी संबंध आढळला नाही.

बेदाणा जरूर खावा, पण त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. मधुमेह असलेल्यांनी हृदयासाठी म्हणून मुठीने खाऊ नये. आणि डॉक्टरांनी दिलेली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी अशा कारणाने बंद करू नये. तिने झटके कमी होतात, हे लाखाहून अधिक लोकांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे.