हात तयार आहे की वाजवता येतंय?

कुडाळ-सावंतवाडीकडची, डबलबारीची (दोन भजनी मंडळांच्या सामन्याची) पेटी ऐकत-वाजवत वाढलेली मुलं पियानोवर बसली की बोटं सुसाट पळवतात. 'हात तयार झाला,' म्हणून पालक खूश. तो झालेला असतोच. पण कठीण जागा काढता येणं आणि ती रचना वाजवता येणं यांत गल्लत होते ती इथेच.

याचं एक कारण पेटीत आहे. तिचा आवाज लहान-मोठा होतो तो भात्याने. पट्टी हळू दाबा की जोरात, फरक जवळजवळ पडत नाही. पियानोत मात्र पट्टी किती वेगाने खाली गेली, त्यावर हातोडी तारेवर किती जोरात आदळणार हे ठरतं. शिवाय एकदा वाजलेला स्वर विरतच जातो, मागाहून फुगवता येत नाही. पेटीवर भात्याचा हात जे सांभाळायचा, ते इथे दहाही बोटांनी वाटून घ्यायचं.

पियानोसाठी लिहिणारा संगीतकार शोपँ, त्याचं ई मायनर या सुरावटीतलं प्रील्यूड (छोटी रचना) घ्या, ओपस 28 या संग्रहातलं चौथं. जेमतेम 25 बार (आवर्तनासारखे तालाचे भाग), लय अगदी संथ. उजव्या हातात सुरुवातीला दोनच स्वर आलटून-पालटून. डाव्या हातात एकसारखे पडणारे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ), आणि त्यांतला बहुतेक वेळा एखादाच स्वर अर्ध्या सुराने खाली सरकतो. थोडंफार शिकलेलं मूलही हे वाचून काढतं, आणि ऐकणारा कंटाळतो. कारण बारमधले आठही कॉर्ड सारख्याच वजनाने पडतात, कुठला स्वर सरकला ते कळतच नाही. लोक म्हणतात, 'भाव नाही.' मला हे पटत नाही. कॉर्डमधल्या एकाच बोटाला किंचित जास्त वजन देता येणं हे निखळ तंत्र आहे. त्यात वेग नसतो, म्हणून कुणी ते तंत्रात धरत नाही, इतकंच.

आता त्याच शोपँचा ओपस 10 मधला पहिला एट्यूड (सरावासाठीची रचना). छापील गती मिनिटाला 176 ठोके, ठोक्याला चार स्वर, म्हणजे सेकंदाला जवळपास 12 स्वर, आणि उजवा हात सतत वर-खाली. अवघड आहेच. पण नुसता उजवा हात घासत बसणाऱ्यांना मी आधी डाव्या हाताचे लांबलचक ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) एकटे वाजवायला आणि गायला लावते. ते कुठे निघालेत हे कानाला कळलं, की उजव्या हाताला जोर कुठे द्यायचा, सैल कुठे सोडायचं हे उमगतं. मनगटाचा ताठरपणाही उतरतो. बोटांची वाटणारी अडचण बरीचशी समजुतीची निघते.

ओळखायचं कसं? निम्म्या गतीत वाजवा. तिथेही त्याच जागी अडखळलात तर बोटांचा क्रम बदलून बघा. (वेंगुर्ल्या-मालवणात पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या फुगून अडकतात, तो दोष मुलाच्या माथी मारू नका, ट्यूनरला बोलवा.) अडखळत नाही तरी नीरस वाटतं? मग पियानो सोडून चाल गुणगुणा. गाताना जिथे आपसूक श्वास घेतलात, तिथे पेन्सिलीने खूण करा आणि वाजवताना नेमका तिथे हात उचला.